बाबांच्या पद्मिनीच्या व्हील कॅप्स: चकाकी परत आणायची आहे, कुठून सुरुवात करू?

शहापूरकर | ४ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. घरी बाबांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी आहे. शोरूममधून निघाली ती थेट आमच्या दारात आली, दुसरा मालक तिने पाहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी खालचा कुजलेला पत्रा बदलला आणि मूळचाच फिकट निळा रंग मारून घेतला. इंजिन ठणठणीत आहे, स्टिअरिंगजवळचा गिअर अजून दोन बोटांनी पडतो. राहिल्या त्या चार चाकांवरच्या कॅप्स. रंग जुना होता तोवर त्या खपून जायच्या. आता गाडी दारात उभी असली की नजर आधी तिकडेच जाते.

काल चारही काढून अंगणात साबणाने धुतल्या. अवस्था अशी आहे:

पुढची उजवी लांबून बरी दिसते. हातात घेतली की मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतात, कडेच्या वळणावर जास्त. नख फिरवलं की अडकतं.

पुढची डावी तशीच, पण ठिपके दाट आणि दोन ठिकाणी पापुद्रा सुटल्यासारखा उचललेला.

मागच्या उजवीवर गंज नावालाही नाही. बारीक ओरखडे मात्र भरपूर, आणि रुपयाच्या नाण्याएवढा एक पोचा.

मागची डावी राखेसारखी पांढुरकी. फडक्याने पुसली की फडकं काळं होतं. दहा वेळा पुसली, दहा वेळा काळं.

घरात भांड्यांची पावडर आहे, तारेची घासणी आहे, बाथरूमचं ॲसिड आहे. गल्लीतल्या गॅरेजमधला पोरगा म्हणतो, ॲसिडात बुडवा, पाच मिनिटांत लख्ख. मला धीर झाला नाही म्हणून आधी इथे विचारतोय. बाबा ७८ वर्षांचे आहेत. खंडेनवमीला गाडीची पूजा अजून तेच करतात. तोवर कॅप्स झाल्या तर फार बरं वाटेल.

निपाणीकर | ४ ऑगस्ट, रात्री १०.०५

शहापूरकर, ॲसिडची बाटली आत्ताच्या आत्ता जागेवर ठेवा. हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो.

आमच्या अँबेसेडरच्या एका कॅपवर असेच ठिपके होते. बादलीत ॲसिड ओतलं, कॅप सोडली. बारीक फेस आला. मला वाटलं मळ निघतोय. निघत होता तो वरचा क्रोम. धुवून बाहेर काढली तर सगळीकडे पिवळट झाक. चार दिवस पावसात राहिली आणि ठिपके होते त्या जागी रुपयाएवढाले लाल डाग पडले. ती कॅप आता माळ्यावर आहे, तिच्याकडे बघवत नाही.

मलप्रभाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ११.१०

निपाणीकरांनी सांगितलं ते अगदी बरोबर. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून कारण सांगते.

बाथरूमचं ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. क्रोमियम त्यात विरघळतं. प्लेटिंगच्या कारखान्यात जुना क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात. म्हणजे गंज काढायच्या नावाखाली आपण घरात क्रोम उतरवण्याचा कारखाना काढतो.

आपण ज्याला 'क्रोम' म्हणतो तो एक थर नसतो. खाली लोखंडी पत्रा, त्यावर अनेकदा तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम. निकेलचा थर साधारण १० ते २५ मायक्रॉन असतो. क्रोमियम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला तर वरचा क्रोम केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढाही नसतो! आरशासारखी खोली दिसते ती निकेलची. निकेल एकटं ठेवलं तर ते हळूहळू पिवळट आणि मंद होतं, म्हणून वर क्रोमचं कठीण, निळसर झाकण.

आणि ते ठिपके. क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा आणि छिद्रं असतात. कुठेतरी निकेललाही छिद्र पडलं की ओल थेट लोखंडापर्यंत पोचते. निकेल आणि लोखंड एकत्र ओले झाले की झीज लोखंडाची होते, निकेल शाबूत राहतं. त्यामुळे वर टाचणीएवढं छिद्र आणि खाली पसरलेला गंज. मीठ असेल तर हे फार वेगाने होतं. गाडी गोव्याकडे बरीच फिरली आहे का?

शहापूरकर | ५ ऑगस्ट, सकाळी ७.३०

ताई, धन्यवाद. हो, दर मे महिन्यात चोर्ला घाटातून गोव्याला. मामाचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर होतं. गाडी रात्रभर उघड्यावर असायची.

गोकाक रोड | ५ ऑगस्ट, सकाळी ९.१५

सोपा उपाय. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर क्रोम केलेलं लोखंड, नाही चिकटला तर स्टील. क्रोमच्या असतील त्या सगळ्या परत क्रोम करून टाका. एकदाच खर्च, दहा वर्षं बघायला नको.

बफवाले मामा | ५ ऑगस्ट, दुपारी २.२०

मी ३१ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, बफिंगवर होतो, म्हणजे फिरत्या चाकावर धातू चमकवायच्या कामावर. आता निवृत्त. घरी एक बफ मशीन ठेवलंय, हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून.

गोकाक रोड, लोहचुंबकावर जाऊ नका ओ. स्टेनलेसच्या दोन जाती या कामात येतात. ३०४ ला लोहचुंबक धरत नाही. पण गाड्यांच्या पट्ट्या, कॅप्स पुष्कळदा ४३० मध्ये असतात, आणि ४३० ला लोहचुंबक चांगला धरतो. नुसत्या लोहचुंबकावर तुम्ही चांगली स्टेनलेस कॅप क्रोम करायला देऊन बसाल.

शहापूरकर, कॅप उलटी करून बघा. मागची बाजू कधी खोटं बोलत नाही. क्रोमच्या टाकीत करंट उंचवट्यावर जोरात जातो, खोलगट भागात आणि पाठीवर पोचतच नाही. म्हणून क्रोमच्या कॅपची पाठ करडी, मातकट आणि गंजलेली असते. स्टेनलेस पुढून-मागून एकाच धातूची. पाठीला चकाकी नसली तरी रंग तोच चंदेरी असतो आणि गंज नसतो.

ती चौथी, फडकं काळं करणारी, ती मला न बघता कळली. पण तुम्हीच तपासा आणि सांगा.

शहापूरकर | ५ ऑगस्ट, रात्री ८.५०

मामा, तुम्ही म्हणालात तसं केलं आणि थक्क झालो.

पुढच्या दोन्ही: लोहचुंबक चिकटतो, पाठ गंजलेली, करडी. मागची उजवी: लोहचुंबक चिकटतो, पण पाठ स्वच्छ चंदेरी. मागची डावी: चिकटत नाही, आणि हातात घेतली की बाकीच्यांच्या मानाने अगदी हलकी.

म्हणजे चार कॅप्स, तीन धातू. एवढी वर्षं मी चारही एकाच जातीच्या समजत होतो!

बाबांना विचारलं. आधी म्हणाले, सगळ्या मूळच्याच आहेत. मग चहा घेता घेता एकदम आठवलं. एक कॅप आंबोलीच्या घाटात उडून दरीत गेली, तिच्या बदली कोल्हापुरात एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणली. दुसरी लोंढ्याच्या रस्त्यावर खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा गेली. त्या वेळी आईने बाबांना उतरून अर्धा तास झुडपात शोधायला लावलं होतं. ती मिळाली नाही, मग कुठल्यातरी टपरीवरून मिळेल ती बसवली. हे सगळं मला आज कळतंय.

बफवाले मामा | ५ ऑगस्ट, रात्री ९.३०

मग झालं की. पुढच्या दोन लोखंडावर निकेल-क्रोम. मागची उजवी ४३० स्टेनलेस. मागची डावी ॲल्युमिनियम. तिघांना तीन औषधं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की कॅप गेली म्हणून समजा. चारही एका दिवशी करायला बसू नका. एक हातात घ्यायची, ती पूर्ण करायची, मग दुसरी.

मलप्रभाकाठ | ५ ऑगस्ट, रात्री १०.००

मामांच्या बोलण्याला जोड. ॲल्युमिनियमला कॉस्टिक तर नकोच, धुण्याचा सोडासुद्धा नको. आपल्या आया ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याच्या पाण्याने घासू देत नसत ते याचसाठी. आतून काळं पडतं. उलट लोखंडाच्या पाठीवरचा तेलकट मळ काढायला तेच सोड्याचं पाणी चांगलं.

चंदगडी | ६ ऑगस्ट, सकाळी ८.१०

आमच्याकडे अजून कल्हईवाले येतात. पितळेचं पातेलं पाच मिनिटांत चांदीसारखं करून देतात. लोखंडी कॅपला कल्हई लावली तर चालणार नाही का? मनापासून विचारतोय.

मलप्रभाकाठ | ६ ऑगस्ट, दुपारी १२.४५

चंदगडी, चांगला प्रश्न आहे. कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंशाला वितळतं, म्हणूनच भट्टीवर कापसाच्या बोळ्याने भांड्यात फिरवता येतं. पण ते फार मऊ. रस्त्यावरची वाळू, खडी यांनी महिनाभरात ओरखडून जाईल. शिवाय कल्हईला नवसागर लागतो, तो क्लोराइड आहे. कॅपच्या दुमडलेल्या कडेत थोडा जरी अडकून राहिला तरी गंजाला आमंत्रण. आणि क्रोमवर कथील धरतच नाही. भांड्यात अन्न शिजतं तिथे कल्हईला तोड नाही, चाकावर मात्र तिचं काम नाही.

हुपरीवाला | ६ ऑगस्ट, दुपारी ३.३०

आमचा पिढीजात चांदीचा धंदा. गाड्यांतलं फार कळत नाही, पण चकाकीचं कळतं. चांदी उजळताना पहिलं शिकवलं जातं ते हे की घासण्याआधी धू. कणभर वाळू राहिली आणि घासायला लागलात तर तुम्ही चकाकी काढत नाही, ओरखडे काढता. आम्ही रिठ्याच्या पाण्यात दागिने धुतो. रिठ्याचा फेस सौम्य असतो, फटींतला मळ सुटतो. कॅपच्या कडेला दाताच्या जुन्या मऊ ब्रशने रिठ्याचं पाणी लावून बघा. आणि फडकं सारखं बदला. काळं झालेलं फडकं परत वापरायचं नाही.

बफवाले मामा | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ६.००

हुपरीवाले, लाख बोललात.

आता क्रोमच्या कॅपचं सांगतो. तारेची घासणी नको, पावडर नको, वॉटर पेपर तर मुळीच नको. क्रोमवर पेपर मारला की तो क्रोम परत येत नाही, ताईंनी जाडी सांगितलीच आहे. बफ मशीनसुद्धा नको. मी आयुष्यभर बफ चालवला तरी सांगतो, ठिपके पडलेल्या जुन्या क्रोमला मशीन लावू नका. छिद्राच्या कडेला क्रोम आधीच सैल झालेला असतो, बफ तो उचकटून काढतो.

घरी जेवण बांधून येतं तो चंदेरी फॉइलचा कागद घ्या. चिंचेएवढा गोळा चुरगळा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यावर हलक्या हाताने गोल फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमच्या मानाने फार मऊ, म्हणून क्रोम ओरखडत नाही. पण वर साठलेला गंज सुटून येतो. तपकिरी-करडा चिखल झाला की पुसा, नवा गोळा घ्या. जोर लावायचा नाही. जोर लावावासा वाटला की उठून चहा प्या. मध्ये कुठे रंगाची पट्टी किंवा रंगवलेलं अक्षर असेल तर तिथे फॉइल नको, रंग जाईल.

फॉइलने निघाला नाही असा हट्टी ठिपका असेल तर त्यावर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेला कापूस दहा मिनिटं ठेवा, फॉइल परत फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका.

शहापूरकर | १० ऑगस्ट, रात्री ९.१५

पुढची उजवी आज पूर्ण झाली. चार संध्याकाळी गेल्या.

पहिल्या संध्याकाळी नुसतं रिठ्याचं पाणी आणि ब्रश. कडेच्या दुमडीतून जे निघालं ते बघून बाबा म्हणाले, ही गोव्याची वाळू. खरंच वाळू होती, बारीक, पिवळी, चमच्याभर तरी. मग फॉइल. पहिला ठिपका निघाला तेव्हा आरडाओरडा करावासा वाटला. तपकिरी डाग होता तिथे आता सुईच्या टोकाएवढा काळा खड्डा आहे. दीड हातावरून दिसत नाही. उन्हात धरली तर अंगणातला पेरू तिच्यात पानापानासकट दिसतो.

एक शंका. खड्डे तसेच राहिले, ते परत गंजणार नाहीत का?

मलप्रभाकाठ | १० ऑगस्ट, रात्री १०.२०

गंजतील, लोखंड तिथे उघडंच आहे. म्हणून वाळवणं आणि मेण. धुतल्यावर कडक उन्हात किंवा केस वाळवायच्या यंत्राने पूर्ण कोरडी करा. खड्ड्यात ओल राहता कामा नये. कोमट असतानाच गाडीचं चांगलं मेण लावा, पुसा, दुसऱ्या दिवशी दुसरा हात. मेण खड्ड्यात बसतं आणि पाणी आत जाऊ देत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कायम ओली, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका. तेवढे चार महिने दर महिन्याला एक हात मारा.

क्रोमवर पारदर्शक लॅकर मारायचा सल्ला कोणी देईल. तो धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात आणि त्याखाली ओल अडकते.

बफवाले मामा | ११ ऑगस्ट, सकाळी ७.००

आणि पाठ विसरू नका. लोक पुढून चमकवतात आणि पाठ तशीच ठेवतात. गंज पाठीकडून खात येतो. पाठीला तारेचा ब्रश चालेल, तिथे क्रोम नाहीच. गंज खरवडा, सोड्याच्या पाण्याने तेल काढा, कोरडी करा, रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या अस्तराचा, हात मारा, वर काळा रंग. कडेला जिथे रिममध्ये अडकते तिथे रंग जाड होऊ देऊ नका, नाहीतर बसताना त्रास देईल.

गोकाक रोड | ११ ऑगस्ट, सकाळी १०.३०

चार संध्याकाळी एका कॅपला! आणि खड्डे राहिलेच. मी अजूनही म्हणतो, परत क्रोम करा. माझ्या मोटारसायकलचा सायलेन्सर करून घेतला, आरसा झालाय. पुढच्या डावीचं काय करणार, तिचा तर पापुद्राच सुटलाय म्हणता.

निपाणीकर | ११ ऑगस्ट, दुपारी १.१५

गोकाक रोड, तुमचं म्हणणं चूक नाही, पण माझा दुसरा अनुभवही ऐका. ॲसिडात गेलेली कॅप सोडून उरलेल्या तीन मी परत क्रोमला दिल्या. कुठे दिल्या ते सांगत नाही. तिथे घाई होती. जुना थर पूर्ण न उतरवता, खड्डे न भरता, वरून बफ मारून टाकीत सोडल्या. आल्या तेव्हा डोळे दिपले. पण कॅपवर उठावाची एक बारीक रेघ होती, ती बफमध्ये अर्धी झिजली. दुसऱ्या पावसाळ्यात जुन्या खड्ड्यांच्या जागीच ठिपके उठले. आणि बंपर जुना, त्याचा क्रोम निळसर. नव्या कॅप्स किंचित काळपट. शेजारी शेजारी ठेवल्या की डोळ्याला लगेच कळतं.

बफवाले मामा | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४५

परत क्रोम करणं वाईट नाही, घाईने करणं वाईट. रीतसर करायचं तर जुना क्रोम आणि निकेल उतरवायचं, पत्रा उघडा करायचा, खड्डे घासून किंवा तांब्याचा जाड थर देऊन भरायचे, तांबं आरशासारखं बफ करायचं, मग निकेल, मग क्रोम. मेहनत सगळी आधीची. क्रोमच्या टाकीत काही मिनिटं. खाली जे असेल तेच वर दिसतं, क्रोम काही झाकत नाही.

मलप्रभाकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९.००

रंगाच्या फरकाबद्दल. जुना क्रोम षट्संयुजी क्रोमियमच्या टाकीतून यायचा. ते रसायन कर्करोगकारक आहे, कामगारांच्या फुफ्फुसाला आणि सांडपाण्यातून नदीनाल्यांना धोका. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी त्रिसंयुजी क्रोमियम वापरतात. त्याची झाक किंचित काळपट. निपाणीकरांच्या कॅप्समध्ये तेच झालं असावं.

माझं मत विचाराल तर जो क्रोम अजून कॅपवर टिकून आहे तो टिकवायचा. १९७९ साली लावलेला थर एकदा उतरवला की परत लावता येत नाही, त्याच्यासारखा दुसरा लावता येतो. ज्या कामात विष आहे ते गरज असेल तेवढंच करावं, असंही मला वाटतं. पापुद्रा सुटलेल्या कॅपबद्दल मात्र खरं सांगायला हवं. सुटलेला पापुद्रा कुठल्याच पॉलिशने चिकटत नाही.

शहापूरकर | १७ ऑगस्ट, रात्री ८.३०

पुढच्या डावीचा निर्णय बाबांवर सोडला. दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. त्यांनी कॅप मांडीवर घेऊन बराच वेळ फिरवली. मग म्हणाले, "पापुद्रा आहे तिथे असू दे. बाकीची उजळ. उतरवून टाकायची नाही."

तसंच केलं. पापुद्र्याच्या कडा वाढू नयेत म्हणून तिथे फॉइल फिरवलं नाही. मऊ ब्रशने गंज काढला, वाळवून मेण भरलं. बाकीचा पृष्ठभाग पहिलीसारखाच निघाला. सुटलेल्या दोन जागा दिसतात. एकीत तांब्याचा लालसर रंग डोकावतो. ताईंनी सांगितलेले थर तिथे कडेला पायऱ्यांसारखे दिसतात: करडं लोखंड, लाल तांबं, पिवळट निकेल आणि वर निळसर क्रोम. भिंग लावून बाबांनाही दाखवलं.

बफवाले मामा | १८ ऑगस्ट, सकाळी ६.५०

वडिलांचा निर्णय मला पटला.

स्टेनलेसची कॅप घेऊन रविवारी घरी या. पोचा काढायला दोन माणसं लागतात आणि मशीनचं काम मी करेन, तुम्ही बघा. येताना वडिलांनाही आणा.

शहापूरकर | २० ऑगस्ट, रात्री १०.१०

काल मामांकडे दिवस गेला. सविस्तर लिहितो, इतरांनाही उपयोग होईल.

पोचा. मामांनी वाळू भरलेली चामड्याची पिशवी घेतली, कॅप तिच्यावर पालथी ठेवली आणि गोल तोंडाच्या छोट्या हातोडीने पाठीकडून ठोकायला सुरुवात केली. मधोमध नाही, पोच्याच्या कडेपासून गोल गोल आत. ठोके इतके हलके की आवाज टाळ वाजवल्यासारखा. स्टेनलेस ठोकलं की कडक होत जातं, म्हणून एकाच जागी ठोकायचं नाही असं ते सांगत होते. मध्ये मध्ये कॅप उजेडाकडे तिरपी धरून खिडकीचं प्रतिबिंब बघायचे. जिथे खिडकीची रेघ वाकते तिथे अजून खोलगट आहे.

मग वॉटर पेपर, पाणी लावून. आकडा मोठा तितका पेपर बारीक. ४०० ने आडवं, ६०० ने उभं, ८०० ने परत आडवं, शेवटी १२००. दिशा बदलायची ती याचसाठी की आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते दिसतं. एक जरी राहिली तरी बफवर ती उठून दिसते. मी ६०० वर घाई केली, मामांनी बोट ठेवून तीन रेघा दाखवल्या आणि परत बसवलं. स्टेनलेसवर साधी लोखंडी घासणी का नको तेही सांगितलं: लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच पुढे गंजतात, मग आपण म्हणतो स्टेनलेस गंजलं.

बफ. आधी सिसलच्या (घायपाताच्या) दोऱ्याचं खरबरीत चाक, मग शिवलेल्या कापडाचं, त्याला हिरवी लस्टरची, म्हणजे पॉलिशची, वडी. मामांनी मला मशीनसमोरून बाजूला उभं केलं. कॅप चाकाच्या मध्याच्या खाली धरायची आणि कड नेहमी खालच्या अंगाला, चाक जिकडे फिरतं तिकडे. वरची कड चाकाला दाखवली की चाक ती पकडतं आणि कॅप हातातून सुटून भिंतीवर जाते. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर अशी एक जुनी खूण आहे. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, बाह्या वर, सैल हातमोजे नाहीत. एका जागी थांबले नाहीत, कॅप सतत फिरवत होते. तापली तर पिवळट-निळी झाक येते आणि ती काढायला परत पेपरपासून सुरुवात.

बाबा खुर्चीवर बसून सगळं बघत होते. शेवटी मामांनी कॅप पुसून बाबांच्या हातात दिली. बाबांनी तिच्यात स्वतःचे केस नीट केले.

चंदगडी | २१ ऑगस्ट, सकाळी ९.००

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाची वाट बघतोय. ॲल्युमिनियमचं लवकर लिहा, आमच्याकडे जुन्या गाडीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या तशाच पांढऱ्या पडल्यात.

बफवाले मामा | २१ ऑगस्ट, दुपारी ४.००

चंदगडी, तुमच्या पट्ट्या आधी तपासा. पुष्कळ पट्ट्यांना ॲनोडायझिंग केलेलं असतं, म्हणजे विजेने वर ऑक्साइडचा थर चढवलेला असतो. तो थर कडक आणि वीज न जाऊ देणारा. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. बीप वाजला नाही तर थर शाबूत आहे. तो असेपर्यंत पॉलिश आतल्या धातूला पोचतच नाही, तुम्ही जन्मभर घासत राहाल. तो उतरवणं वेगळं काम आहे, ते घरी करू नका. शहापूरकरांच्या कॅपने फडकं काळं केलं, म्हणजे ती उघडीच आहे.

आणि लोखंड-स्टीलला वापरलेलं बफचं चाक ॲल्युमिनियमला लावायचं नाही. रुतलेले कण ओरखडतात. शिवाय ॲल्युमिनियमची धूळ पेट घेते, ठिणग्या उडतात अशा जागी ती साठू द्यायची नाही. म्हणून ही शेवटची कॅप हातानेच करायला सांगतो.

शहापूरकर | २८ सप्टेंबर, रात्री ९.००

उशिराबद्दल क्षमस्व. गणपती आणि मग ऑफिसचं काम.

ॲल्युमिनियमची कॅप हाताने केली. मीटरने बीप दिला. साध्या साबणाने धुतली, ६००, ८००, १२००, २००० असे पेपर पाण्यातून. मग सुती बनियनचा तुकडा आणि धातूचं पॉलिश. फडकं काळं होतंच, त्याला घाबरायचं नाही असं मामांनी सांगितलं होतं. काळ्या साईखाली चकाकी असते, ती पुसल्यावर दिसते. शेवटी राहिलेली चिकट काळी झाक चिमूटभर मैदा लावून कोरड्या फडक्याने पुसली, ती पूर्ण निघाली. ही कॅप बाकीच्यांसारखी दिसत नाही. क्रोम निळसर, स्टेनलेस किंचित करडी, ही दुधाळ पांढरी. लोंढ्याची कॅप म्हणून घरात तिचं नाव पडलंय.

बसवताना मधोमध ठोकू नका, कोणी करत असेल तर. एक कड रिमच्या उंचवट्यांवर अडकवून समोरची कड तळहाताने किंवा रबरी हातोडीने बसवा. काढतानाही पाना आणि रिमच्या मध्ये जाड कापडाची घडी हवी. माझ्या नव्या रंगावर काढतानाच दोन टवके उडाले, ते आता ब्रशने भरले.

कुठली कॅप कुठे यावर घरात चर्चा झाली. पापुद्र्याची कॅप मी मागे, भिंतीकडच्या चाकाला लावणार होतो. बाबांनी ती पुढे, स्वतःच्या बाजूला लावायला सांगितली. गाडीत बसताना दिसते म्हणाले.

निपाणीकर | २८ सप्टेंबर, रात्री ९.४०

वाचून डोळे भरले. वडिलांना नमस्कार सांगा. माळ्यावरची ती ॲसिडातली कॅप आज खाली काढली. मामा, निकेल अजून बऱ्याच जागी शिल्लक आहे असं वाटतं. काही होईल का?

बफवाले मामा | २९ सप्टेंबर, सकाळी ६.३०

बघितल्याशिवाय सांगणार नाही. पण निकेल शिल्लक असेल तर हाताने उजळून मेणावर ठेवता येईल. पिवळट दिसेल, पण दिसेल. पुढच्या रविवारी घेऊन या. नवीन काही लावू नका, धुऊही नका. जशी आहे तशी कागदात गुंडाळून आणा.

निपाणीकर | २९ सप्टेंबर, सकाळी ७.०५

येतो. नऊपर्यंत पोचतो.